विषय: कोल्हापूरच्या घरी गाण्यांचा सर्व्हर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात कोल्हापूरला जातेय. बाबांकडे शास्त्रीय संगीताच्या सीडी आणि कॅसेटी ढीगभर आहेत, पण प्लेअरनं मान टाकलीय. घरच्या वायफायवर त्यांना फोनवरून सगळं ऐकता यावं आणि दरमहा वर्गणी नसावी, एवढंच हवंय. इथून रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) नेऊ का? केस, कार्ड, पॉवर सप्लाय धरून आकडा फुगतोय.

– मंगळवार पेठेची लेक

----

ताई,

पाय नेऊ नका. घरात जुना लॅपटॉप पडून असेलच. विंडोज १० चा सपोर्ट २०२५ च्या ऑक्टोबरात संपल्यापासून तर असे घरोघरी आहेत. ४ जीबी रॅम पुष्कळ झाली. वळवाच्या पावसात लाइट गेली की पायचं मेमरी कार्ड खराब व्हायची भीती असते, लॅपटॉपला बॅटरी आहे. (ती फुगलेली नाही ना, हे आधी बघा.) वीज पायपेक्षा जास्त खाईल, तरी १२ वॉट धरले तर महिन्याला नऊच युनिट.

विंडोजच्या जागी डेस्कटॉपशिवाय डेबियन (फुकटची लिनक्स) टाका, त्यावर नॅव्हिड्रोम, म्हणजे फोनवर गाणी पुरवणारा सर्व्हर. झाकण मिटल्यावर झोपू नये एवढं सेटिंग बदला. फोनवर सबसॉनिक (अशा सर्व्हरशी बोलायची पद्धत) चालवणारं कुठलंही ॲप चालेल.

सीडी फ्लॅक या फाइलप्रकारात उतरवा. तासाभराची सीडी मूळ ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश, आणि आवाजातलं काहीही जात नाही. १ टीबीची डिस्क बाबांना जन्मभर पुरेल.

खरं काम पुढंच आहे: टॅग, म्हणजे प्रत्येक फाइलीत लिहायची गाण्याची माहिती. ही सॉफ्टवेअरं अल्बम आणि आर्टिस्ट विचारतात, रागाला खणच नाही! ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी गवई होते, तिथल्या माणसाला हे कसं पटावं? मी राग ‘जॉनर’च्या (संगीतप्रकाराच्या) खणात घालतो आणि अर्धविराम देऊन पुढं घराणं. मग राग निवडला की केसरबाई, मोगूबाई, किशोरीताई, ज्यांचं ज्यांचं त्या रागातलं असेल ते एकाखाली एक येतं. नावं मात्र एकाच पद्धतीनं लिहा. ‘केसरबाई’, ‘केसरबाई केरकर’ आणि ‘सुरश्री केसरबाई’ या त्याला तीन वेगळ्या गायिका वाटतात. पिकार्ड या टॅग लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभर फाइलींमधलं गायिकेचं नाव एका दमात बदलता येतं. त्याच्या अल्बमच्या ऑनलाइन यादीवर विसंबू नका, आपल्याकडच्या जुन्या सीडी तिथं बऱ्याचदा सापडतच नाहीत.

– शाहूपुरीकर

----

दादा, लॅपटॉप आहे! भाचीचा, कॉलेजातला. बाबा म्हणतात टॅग मी सांगतो, टाइप तू कर. म्हणजे सुट्टी गेलीच. मला इथून ऐकता येईल का? आणि कॅसेटींचं काय?

----

येईल. तिकडं बऱ्याच फायबर कनेक्शनवर बाहेरून थेट शिरता येत नाही, म्हणून लॅपटॉपवर आणि तुमच्या फोनवर टेलस्केल टाका, ते दोन्ही एका खासगी नेटवर्कवर जोडतं. राउटरला हात लावावा लागत नाही.

कॅसेटीला घाई चालत नाही, ९० मिनिटांच्या कॅसेटीला ९० मिनिटंच लागतात. डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी साउंडकार्डात घ्या आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. खरखर काढायच्या नादात तानपुरा पुसला जातो, तेव्हा तो फिल्टर जपून. मूळ रेकॉर्डिंग तसंच ठेवा.

आणि दुसऱ्या डिस्कवर एक प्रत काढून येताना घेऊन या. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर आठवतोय ना?

– शाहूपुरीकर