बदकांच्या पिल्लांना नक्की काय घालायचं? दोन पिल्लं उभीच राहत नाहीत

वायंगणी (कुडाळ):
आठवडा बाजारातून खाकी कॅम्पबेल जातीची पिल्लं आणलीत. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य कोरडंच घालतो, वर उरलेली भाकरी कुस्करून. दोन पिल्लं पाय फाकवून बसतात, ढोपरांवर सरकतात. बाकीची टणाटण पळतात. आई म्हणते पेज घाल, शेजारचे काका म्हणतात पाव भिजवून घाल. आणखी एक, मागच्या वायंगणीच्या (उन्हाळी भाताच्या) शेतात तिन्हीसांजेला अडई, ती रानबदकं, उतरतात. त्यांना कोण खाद्य घालतं? त्या खातात तेच माझ्या पिल्लांना चालेल का?

धानाची बांधी (भंडारा):
भाऊ, आधी पायांचं पाहा. पिल्लं कागदावर किंवा गुळगुळीत फरशीवर असतील तर आजच गोणपाट अंथरा, घसरूनही पाय फाकतात. तसं नसेल तर बहुतेक वेळा नायसिन (बी-3 जीवनसत्त्व) कमी पडलेलं असतं. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर खाद्यात 55 मिलिग्रॅम धरतात. स्टार्टर चालेल, पण त्यात नायसिन असलेलं ब्रुअर्स यीस्ट कालवा. बेकरीतलं पाव फुगवायचं यीस्ट नव्हे! ते नाही मिळालं तर जनावरांच्या औषधाच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीवर नायसिनॅमाइड (नायसिनचंच एक रूप) लिहिलंय का ते वाचा. किती द्यायचं ते पशुवैद्यकांना विचारा. उशीर नका करू, हाड एकदा वाकडं झालं की सरळ होत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिनं हवीत. पेज, भाकरी, पाव यांनी नुसतं पोट भरतं.

आणि कोरडं कशाला घालता? बदक तोंडभर खाद्य घेऊन पाण्याकडेच पळतं. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल ठेवा, पण पिल्लू त्यात पडून अडकेल असं नको. ओलं खाद्य एका वेळेपुरतंच कालवा. तुमच्याकडच्या दमट हवेत दुपारपर्यंत आंबतं, मग बुरशी. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिल्लं फार नाजूक. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की मेल्या, त्यात बदकाची पिल्लंही होती. वास आलेली पेंड, काळा पडलेला मका गोठ्यातच नको.

मोठी झाली की खर्च कमी. कणी, कोंडा, पाण्यावर तरंगणारं अझोला, हिरवा पाला. आमची बदकं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडली की चोच चिखलात खुपसून बुडबुडे काढत पुढे सरकतात. मान वर केली की चोचीच्या दोन्ही कडांनी गढूळ पाणी गळून जातं, गोगलगाय आत राहते. रोप मुळं धरल्यावर सोडायचं नि लोंब्या निसवायला लागल्या की बाहेर काढायचं, नाहीतर धानच ओरबाडतात. फवारलेल्या बांधीत मात्र अजिबात नाही. अंड्यावर आली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, तुम्हा कोकणवाल्यांना तो काय कमी आहे!

पाणथळ (भिगवण):
अडईचं मी सांगतो. त्या बहुतेक रात्री चरतात. सांडलेलं भात, पाणगवताचं बी, कोवळे कोंब, गोगलगायी, बारीक मासळी. आमच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात बघा, एकाच पाण्यात प्रत्येकाची पंगत वेगळी. तलवार बदक शेपूट वर करून तळाचं बी काढतं. थापट्या बदक पसरट चोचीच्या कडांच्या दातऱ्यांतून पाणी गाळून सूक्ष्म जीव घेतं. अंडी घालायच्या दिवसांत मादी किडे, गोगलगायी जास्त शोधते आणि रानटी पिल्लंही सुरुवातीला किड्यांवरच वाढतात. दाण्यावर वळतात ती नंतर.

अडई याव्यात म्हणून शेतात दाणे मात्र टाकू नका. रानटी आणि पाळीव बदकं एका भांड्यात जेवली की बर्ड फ्लूची भीती. इथे नावेतून सीगलांना शेव-फरसाण फेकणाऱ्यांनाही मी हेच ओरडून सांगतो, ऐकतंय कोण.

वायंगणी (कुडाळ):
फरशीच आहे खाली. गोणपाट घातलं, बाटली उद्या आणतो. सुकट घातली तर चालेल? घरात ढीग पडलाय.

धानाची बांधी (भंडारा):
खारवलेली असेल तर नको, मीठ पिल्लांना बाधतं. बिनमिठाचा सुका जवळा कुटून थोडा मिसळा. अंड्यावर आल्यावर हात आखडा, अंड्याला मासळीचा वास येतो. तुम्हाला चालेल म्हणा, पण गिऱ्हाईक परत येणार नाही.

वायंगणी (कुडाळ):
काकांना पावाचं तुम्हीच फोन करून सांगा. माझं ऐकायचे नाहीत.