मदत हवी आहे : पावसाळ्यात इंटरकूलरमधून पाणी, गळती की नुसती दमट हवा?

नमस्कार मंडळी, उजनी जलाशयावरच्या लाँचचं टर्बो डिझेल इंजिन आहे, १५० एचपी, इंटरकूलरला (टर्बोने दाबून तापलेली हवा सिलिंडरआधी थंड करणारा कूलर) जलाशयाचंच पाणी. पूर्ण लोडवर इंटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) ड्रेन प्लगमधून धारच लागते. हा प्रकार फक्त पावसाळ्यात. आपल्या सोलापुरी उन्हाळ्यात प्लग कोरडा ठणठणीत. इनलेट व्हॉल्व्हच्या दांड्यावर तांबूस गंज धरलाय.

हिशेब असा: हवा २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्याखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते तापमान) २५ च्या आसपास. १.५ बार बूस्टला (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) तोच ४२ वर जातो. कूलरमधून हवा ३५ अंशांवर बाहेर पडते. किलोमागे ७ ग्रॅम पाणी सुटणारच. ताशी ६०० किलो हवा धरली तर ४ लिटर! समुद्रात पाणी खारट लागलं की गळती कळते. इथे गोड्या पाण्यात ती सोय नाही.

आयडलला (इंजिन लोडविना मंद चालताना) बूस्ट नसतो, तेव्हाही थेंब आले तर कूलरची पाण्याची ट्यूब फुटली असं धरू का? की कूलर उतरवून हवेच्या दाबावर पाण्यात बुडवूनच बघावा?

ट्यूब शाबूत निघाली, तर कूलरच्या पाण्याला बायपास देऊन हवा ४५ अंशांवर ठेवायचा विचार आहे. एक्झॉस्टचं तापमान किती चढेल? की कूलरनंतर वॉटर सेपरेटर बसवून ३ मिमीचं ड्रेन भोक कायम उघडं ठेवणं बरं? बूस्ट थोडा गळेल, पण सिलिंडरमध्ये पाणी जाण्यापेक्षा परवडलं. कुणी केलंय का असं?