प्रेशर पंप असूनही शॉवरचे पाणी कमी-जास्त का होते?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. आमच्या दुमजली रो-हाऊसच्या गच्चीवर दीड मीटर उंचीच्या स्टँडवर १,००० लिटरची टाकी असून तिच्याशेजारी अर्ध्या अश्वशक्तीचा प्रेशर पंप, २४ लिटरची प्रेशर टँक आणि प्रेशर स्विच (ठरलेल्या दाबाला पंप चालू-बंद करणारा) बसवलेला आहे. पहिली दोन वर्षे सर्व सुरळीत होते. गेल्या चार-पाच महिन्यांपासून मात्र पहिल्या मजल्यावरील शॉवरचे पाणी काही सेकंद जोरात येते, मग एकदम मंदावते आणि पंप चालू झाल्याचा आवाज आला की पुन्हा जोर धरते. गरम पाणी सोलरचे आहे. ते पंपातून न जाता थेट खाली येते. मागच्या आठवड्यात सासूबाईंच्या खांद्याला कढत पाण्याचा चटका बसला आणि तेव्हापासून त्या शॉवर वापरायलाच तयार नाहीत. प्लंबरने पंप बदलण्यास सांगितले आहे. तो खर्च करण्यापूर्वी आम्ही काय तपासावे?

उत्तर (पुणे, निवृत्त यंत्र-अभियंता)

आपण केलेल्या वर्णनावरून पंपात दोष असावा असे मला वाटत नाही. जोर येताना पुरेसा येतो, म्हणजे पंप आपले काम करतो आहे. तो फार लवकर बंद होतो आणि फार लवकर चालू होतो, ही खरी अडचण आहे. प्रथम केवळ थंड पाण्याचा शॉवर सोडा आणि घरातील कोणाला तरी गच्चीवर पंपाजवळचा गेज पाहायला सांगा. काटा दर चार-पाच सेकंदांनी खाली-वर झुलत असेल, तर प्रेशर टँकमधील हवा गेलेली आहे असे समजावे.

या टँकमध्ये रबराचा फुगा असतो. फुग्यात पाणी आणि त्याच्याभोवती दाबाची हवा, अशी रचना असते. पंप २.५ बारला (बार हे दाबाचे एकक) बंद होऊन १.५ बारला चालू होत असेल, तर हवा योग्य असताना २४ लिटरच्या टँकमधून या दोन दाबांच्या दरम्यान साधारण सहा लिटर पाणी मिळते, म्हणजे मिनिटाला आठ लिटरचा शॉवर पाऊण मिनिट पंपाशिवाय चालतो. हवा नसली की दाबता येण्याजोगे काहीच उरत नाही. पाणी तर दबत नाही, त्यामुळे थोडेसे पाणी गेले तरी दाब कोसळतो.

तपासणीसाठी पंपाचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करा, टाकीकडून येणारा कॉक बंद करा आणि खालचा नळ उघडून दाब शून्यावर आणा. ही पायरी गाळू नका, कारण आत पाणी दाबाखाली असताना घेतलेले माप दिशाभूल करते. मग टँकच्या टोकावरील टोपी काढून गाडीच्या टायरचा गेज लावा. हवेचा दाब पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा ०.२ बारने कमी, म्हणजे आपल्याकडे १.३ बार (सुमारे १९ पीएसआय) असावा. त्या व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आले तर फुगा फाटलेला आहे. बऱ्याच टँकमध्ये तो स्वतंत्रपणे बदलता येतो.

उत्तर (कोल्हापूर, प्लंबिंग ठेकेदार)

वरील सल्ला योग्य आहे, परंतु चटका बसण्यामागे त्याहून जुना दोष आहे आणि तो जोडणीतला आहे. थंड पाणी पंपाच्या दाबाने दीड ते अडीच बारवर येते. गरम पाणी मात्र केवळ उंचीच्या बळावर येते. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो, त्यामुळे टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल तर तो जेमतेम ०.३ बार होतो. इतके असमान पाणी एका मिक्सरमध्ये आणले की थंड पाणी गरम पाण्याला मागे लोटते. मग आपण थंडाची चावी कमी करतो, आणि नेमका तेव्हा पंपाचा दाब उतरला की गरम पाणी एकदम पुढे येते.

एक सोपी परीक्षा करा. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हँड शॉवर त्याच्या बटणाने बंद करा आणि गच्चीवर जाऊन सोलरच्या व्हेंट पाईपमधून (टाकीतील हवा-वाफ बाहेर सोडणारी उघडी नळी) पाणी पडते का ते पाहा. पडत असेल, तर पंपाचे थंड पाणी मिक्सरमार्गे सोलरच्या टाकीत शिरते आहे. सोलरच्या थंड पाण्याच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल तर तेच पाणी निमूटपणे वरच्या टाकीत परत जाते, म्हणून टाकीकडेही लक्ष ठेवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. टँकमधील हवा खरोखरच शून्य होती. सायकलच्या पंपाने १.३ बारपर्यंत भरली आणि आता थंड पाणी सलग येते. काटा खाली यायला बराच वेळ लागतो. दुसऱ्या परीक्षेत व्हेंट पाईपमधून धार लागली. गरम पाण्याच्या जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला म्हणजे पुरेल का?

उत्तर (कोल्हापूर, प्लंबिंग ठेकेदार)

त्याने पाणी उलटे जाणे थांबेल, पण दाब सारखे होणार नाहीत. सोलरच्या टाकीत जाणाऱ्या थंड पाण्यावर पंप लावण्याचा विचार मात्र कृपया करू नका; व्हेंट पाईप असलेली टाकी दाबासाठी बनवलेली नसते आणि फुटू शकते.

टिकाऊ उपाय म्हणजे सोलरमधून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यावर दुसरा लहान पंप बसवणे. तो घेताना किती तापमान सोसतो हे आवर्जून विचारावे, कारण सोलरचे पाणी उन्हाळ्यात ६० अंशांच्या वर सहज जाते आणि साधा पंप त्यासाठी नसतो. थंड पाण्यावर १.२ बारला लावलेला प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (दाब कमी करून स्थिर ठेवणारा) बसवला तर पंप १.५ ते २.५ मध्ये फिरत राहिला तरी शॉवरपर्यंत दाब स्थिर पोहोचतो; गरमाचा पंपही त्याच्याच जवळपासचा दाब देणारा निवडावा. हे होईपर्यंत सासूबाईंसाठी मिक्सरचे थंड पाणी पंपाच्या आधीच्या लाईनवरून घ्या. धार मंद होईल, परंतु दोन्ही पाणी समान उंचीवरून येत असल्याने चटक्याचा धोका बराच कमी होईल.