तातडीची मदत हवी: आईबाबांच्या क्रूझसाठी कोणता मेडिकल इन्शुरन्स?

रानमेवा | सोमवार, रात्री १०:४२
आईबाबांना घेऊन क्रूझला चाललोय. गुरुवारी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे आणि टूरवाला आज सांगतोय की इन्शुरन्सचा कागद "नीट" हवा. नीट म्हणजे काय ते त्याला सांगता येत नाही. व्हिसावाले मागतायत, क्रूझवाल्यांच्या मेलमध्येही मेडिकल इन्शुरन्स कम्पल्सरी लिहिलंय. एकच पॉलिसी दोन्हीकडे चालते का दोन घ्यायच्या? प्लीज लवकर सांगा. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

फिरस्ता | रात्री १०:५५
कुठली क्रूझ? कुठला व्हिसा? जहाज सिंगापूरहून सुटतं की बार्सिलोनाहून, त्यावर सगळं अवलंबून.

हिशोबनीस | रात्री १०:५८
आणि आईबाबांची वयं? बीपी, शुगर, काही ऑपरेशन?

पुणेरी_मिरची | रात्री ११:०४
म्हाताऱ्या माणसांना कशाला एवढ्या लांब नेताय? मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझ आहे की. व्हिसा नाही, कटकट नाही, मराठी बोलणारा शेजारीही मिळतो.

रानमेवा | रात्री ११:११
पैसे भरून झालेत हो. ग्रीस. अथेन्सच्या पायरेअस बंदरातून निघून मायकोनोस, कुशादासी, ऱ्होड्स, सँटोरिनी, परत अथेन्स. दोघंही सिनिअर सिटिझन, तब्येत ठणठणीत.

हिशोबनीस | रात्री ११:१५
सिनिअर सिटिझन साठाचेही असतात आणि नव्वदचेही. आकडा सांगा, प्रीमियम आकड्यावर ठरतो.

फिरस्ता | रात्री ११:३३
ग्रीस म्हणजे शेंगेन, एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. त्यांचा नियम सरळ आहे: किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत लागू, मुक्कामाचे सगळे दिवस धरलेले, आणि त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटल, आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च. आपल्याकडचा ५०,००० डॉलरचा प्लॅन या रकमेच्या वरच जातो. पॉलिसीवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळू दे. तारीख मुंबईहून विमान सुटतं त्या दिवसापासून घरी पोचेपर्यंत, जहाजाच्या तारखा नव्हेत. टूरवाले इथेच घोळ घालतात.

आता खरी गोम. कुशादासी तुर्कस्तानात आहे. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. टूरवाल्याने स्वस्तातला "फक्त शेंगेन" प्लॅन काढला असेल तर व्हिसा मिळेल, पण कुशादासीला उतरताना बाबा पायरीवरून घसरले तर तो कागद कामाचा नाही. "जगभर, अमेरिका-कॅनडा वगळून" असा प्लॅन घ्या. फरक फार नसतो. एकच पॉलिसी दोन्हीकडे चालेल, पण तीत क्रूझ वगळलेली नाही हे वाचून घ्या.

दुसरं, न विचारता सांगतोय: व्हिसा मल्टिपल एंट्रीचा मागा. तुर्कस्तानात जाऊन परत ग्रीसला येताय, म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरताय.

नाखवा_७ | रात्री ११:४०
बोट लागते का आईंना? लागत असेल तर ॲव्होमिन ही उलटीची गोळी जवळ ठेवा, निघायच्या आधी तास-दोन तास. आमची ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने जाताना हिरवी पडते, तेव्हा ग्रीसचा विचारच नाही.

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ७:२०
इन्शुरन्स म्हणजे निव्वळ एजंटांची दिवाळी. आजवर कधी क्लेम लागला नाही. व्हिसाला लागतो म्हणून सगळ्यात स्वस्त घ्या, पीडीएफ जोडा, विसरून जा.

सुंठसाखर | सकाळी ८:०५
बोरूकाका, तुम्हाला लागला नाही, आम्हाला लागला. सासूबाईंना जहाजावर रात्री जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखाना अगदी खालच्या डेकवर. दारातच एक बाई पेन घेऊन उभी, आधी केबिन नंबर आणि सही, मग सलाईन. कॅशलेस वगैरे काही नाही, जहाजाचा दवाखाना खाजगी दराने चालतो आणि बिल केबिनच्या खात्यावर चढतं, डॉलरमध्ये. वर संसर्ग नको म्हणून केबिनबाहेर पडू दिलं नाही, दरवाजाबाहेर ट्रे ठेवून जायचे. क्लेम परत मिळाला, पण त्यासाठी डॉक्टरांची नोट, तपशीलवार बिल, औषधांची यादी, बोर्डिंग पास, पासपोर्टवरच्या शिक्क्याची झेरॉक्स, एवढं मागितलं. उतरण्याआधी रिसेप्शनवरून सगळे कागद घ्याच. नंतर मेलवर मागत बसलात तर संपलं.

आणि पॉलिसीवर असिस्टन्सचा, म्हणजे विमा कंपनीच्या मदतीचा नंबर असतो, तो आईबाबांच्या फोनमध्ये सेव्ह करा. भरती करायची वेळ आली तर आधी तिथे कळवायचं.

बोरूबहाद्दर | सकाळी ८:३१
म्हणजे जुलाब झाले तर शिक्के दाखवायचे. वा.

सुंठसाखर | सकाळी ८:३४
नाहीतर बिल दाखवून घरात भांडायचं. मर्जी तुमची.

क्रूझवेडी | सकाळी ९:५०
बाहेरून काही घेऊ नका, क्रूझ कंपनीचंच कव्हर घ्या, ते लोक बोटीवर मदत करतात.

फिरस्ता | सकाळी १०:०२
क्रूझवेडी, त्या कव्हरचा मुख्य भर बुकिंग रद्द झालं तर पैसे परत, यावर असतो. मेडिकलची रक्कम किती आणि व्हिसासाठी पत्र देतात का, ते विचारल्याशिवाय भरवसा नको. आणि भारतात राहणाऱ्यांना ते मिळतंच असंही नाही.

रानमेवा | सकाळी १०:४७
सगळ्यांचे आभार. बाबा ७१, आई ६६. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, पण आता एकदम फिट, रोज टेकडी चढतात. टूरवाल्याने त्याच्याकडून एक पॉलिसी काढून पाठवलीय, ५०,००० डॉलर, शेंगेन. फॉर्ममध्ये "आधीचा आजार: नाही" असं त्यानेच भरलंय. चालेल ना?

हिशोबनीस | सकाळी १०:५१
ठणठणीत म्हणालात काल!!

बोरूबहाद्दर | सकाळी १०:५५
चालेल. व्हिसावाले हृदय तपासत नाहीत. "हो" लिहिलंत की प्रीमियम वाढतो नाहीतर पॉलिसीच नाकारतात.

डॉ_टेकडीवाले | सकाळी ११:२०
अजिबात चालणार नाही. बोरू, हा सल्ला देऊ नका. हृदयाचा त्रास होऊन दाखल व्हावं लागलं की पहिला कागद मागवतात तो जुन्या उपचारांचा. स्टेंट (अँजिओप्लास्टीत बसवलेली जाळी) लपवला असं दिसलं की क्लेम गेलाच, पूर्ण पॉलिसीही रद्द होऊ शकते. सही कुणाचीही असो, भोगणार बाबा.

खरं लिहूनही सगळं मिळतं असं नाही, हेही समजून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसी आधीच्या आजाराला फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी आणि तेही मर्यादित रकमेपर्यंतच पैसे देतात. साठीनंतर खोलीभाडं, सर्जन, ॲम्ब्युलन्स अशा एकेका खर्चावर वेगळी मर्यादा लावतात. वर ५०,००० डॉलर लिहिलेलं असलं तरी आत तो आकडा चिरलेला असतो. बाबांसाठी अशा वेगळ्या मर्यादा नसलेला प्लॅन शोधा, महाग पडेल. जहाजावरून हेलिकॉप्टरने किंवा बोटीने किनाऱ्यावर न्यायचा खर्च धरलाय का तेही बघा. बेटावरच्या छोट्या दवाखान्यात हृदयाचं काम होत नाही, अथेन्सला न्यावं लागतं.

कार्डिओलॉजिस्टकडून प्रवासाला हरकत नाही अशी चिठ्ठी आणि औषधांची प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या नव्हे.

बोरूबहाद्दर | सकाळी ११:२८
डॉक्टर, मी फक्त व्यवहाराचं बोललो.

सिंगापुरी_तात्या | दुपारी १२:१५
आमच्याकडे सिंगापूर क्रूझला इन्शुरन्सचा कागद कुणी मागत नाही. मात्र भारतीय पासपोर्टवाल्यांना जहाज परत सिंगापूरलाच येत असल्याने मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो. माहितीसाठी.

हिशोबनीस | दुपारी १२:२०
तात्या, धागा ग्रीसचा आहे.

रानमेवा | दुपारी १:०२
टूरवाल्याला फोन केला. म्हणतो, "मॅडम, सगळेच असं भरतात, आजवर प्रॉब्लेम आला नाही." पॉलिसी बदलली तर पैसे कापणार म्हणतो. व्हिसा नाकारला तर प्रीमियम परत मिळतो का? आणि नवी पॉलिसी गुरुवारपर्यंत निघेल?

फिरस्ता | दुपारी १:१९
पॉलिसी ऑनलाइन त्याच दिवशी निघते. वय सत्तरच्या वर आणि स्टेंट, म्हणून काही कंपन्या मेडिकल रिपोर्ट मागतील. त्यामुळे आजच दोन-तीन ठिकाणी फोन करा. व्हिसा नाकारल्याचं पत्र दाखवलं तर बऱ्याच कंपन्या थोडे कापून परत देतात, प्रवास सुरू व्हायच्या आत. जुनी रद्द करायचा अर्ज विमा कंपनीलाच मेल करा, टूरवाल्यामार्फत नको. आणि अपॉइंटमेंटला जाताना नवी पॉलिसीच न्या, दोन्ही नेऊन गोंधळ करू नका.

तुर्कस्तानचा व्हिसा दिवसभराच्या थांब्याला लागतो का, ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. लागलाच तर वैध शेंगेन व्हिसावर भारतीयांना ई-व्हिसा मिळतो.

पुणेरी_मिरची | दुपारी २:४०
मी कालच म्हणालो होतो लक्षद्वीप.

नाखवा_७ | दुपारी ३:०५
ग्रीसच्या बोटीवर व्हेज जेवण असतं का कुणाला माहीत आहे? हिला विचारायचंय.

सुंठसाखर | दुपारी ३:३१
असतं, पण बुकिंग करतानाच सांगावं लागतं. ठेपले, मेतकूट न्या तरीही.