काचेच्या पेल्यांवरची पांढरट झाक: क्षार की काचेची झीज?

प्रश्न

आईने दिलेले पातळ काचेचे सहा पेले माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षभरात सहाही पेल्यांवर पांढरट झाक चढली आहे. ओले असताना ते स्वच्छ दिसतात, पण वाळले की धुके साचल्यासारखे धूसर होतात. त्यांतले तीन मी हाताने धुते आणि तीन डिशवॉशरमध्ये लावते. भांड्यांचा साबण आणि खाण्याचा सोडा वापरून काहीच फरक पडला नाही, म्हणून शेवटी खरखरीत घासणी घेतली आणि एका पेल्यावर बारीक ओरखडे उमटले. याचे मला फार वाईट वाटते. उरलेल्या पाच पेल्यांची ही झाक कशाने जाईल?

पहिला प्रतिसाद

आता घासणे थांबवा आणि आधी झाक कशाची आहे ते ओळखा. धूसरपणाची कारणे दोन असतात आणि दिसायला ती जवळजवळ सारखीच असतात. ओली काच स्वच्छ दिसणे ही खूणही दोन्हीकडे आढळते, त्यामुळे तिच्यावरून निर्णय करता येत नाही.

पहिले कारण म्हणजे क्षारयुक्त पाणी. असे पाणी काचेवर वाळले की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. ते आम्लात विरघळतात. खाण्याचा सोडा आम्लाच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्याने हा थर हलला नाही यात नवल नाही. दुसरे कारण काचेची स्वतःची झीज. नेहमीच्या पेल्यांची काच वाळू, सोडा आणि चुना यांपासून बनते. डिशवॉशरमधले गरम, अल्कधर्मी पाणी पुन्हापुन्हा लागले की काचेतला सोडियम बाहेर पडतो आणि पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो. पाणी फार मृदू असेल आणि साबणाची पूड जास्त पडत असेल तर ही झीज वेगाने होते. म्हणजे क्षार अतिशय कमी असलेले पाणीही काचेला मानवतेच असे नाही.

ओळखण्याची रीत सोपी आहे. पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब धूसर भागावर टाका, पाच मिनिटांनी धुऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तेवढाच भाग उजळला तर ते क्षार आहेत. मग व्हिनेगर आणि कोमट पाणी समभाग घेऊन पेला अर्धा तास बुडवून ठेवावा आणि मऊ स्पंजाने धुवावा. काहीच फरक पडला नाही, किंवा प्रकाशात इंद्रधनुष्यासारखी छटा दिसली, तर बहुधा काच झिजलेली आहे आणि ती झाक धुऊन जाणार नाही. सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या बारीक पुडीने काच घोटता येते, पण पातळ पेल्यावर तो प्रयोग करू नये.

दुसरा प्रतिसाद

वरील उत्तराला दोन गोष्टी जोडतो. पेल्यांना सोनेरी काठ किंवा रंगीत नक्षी असेल तर ते आम्लात बुडवू नका, कारण हे काम बहुतेक वेळा काचेच्या वरच्या थरात असते. शिसेयुक्त क्रिस्टल काचही व्हिनेगरमध्ये भिजत ठेवू नये. युरोपीय नियमांनुसार 'लेड क्रिस्टल' म्हणवणाऱ्या काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असते आणि आम्लामुळे त्यातले शिसे थोडेथोडे सुटत राहते. अशा भांड्यात आंबट पेय साठवून ठेवणेही याच कारणाने टाळावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या पेल्यांवर ना नक्षी आहे ना सोनेरी काठ, आणि ते क्रिस्टलचेही नाहीत. हाताने धुतलेले तिन्ही पेले अर्ध्या तासात लखलखीत झाले. ओरखडलेला पेला त्यांतलाच होता. ओरखडे राहिले, झाक मात्र गेली. डिशवॉशरमधल्या तिघांवर काहीच परिणाम झाला नाही. यापुढे सहाही पेले मी हातानेच धुईन आणि पाणी वाळू न देता लगेच पुसेन.

एक अडचण उरली आहे. पुसून एकात एक ठेवलेले दोन पेले घट्ट अडकले आहेत. ते कसे सोडवावेत?

पहिला प्रतिसाद देणारे

आतल्या पेल्यात थंड पाणी भरा आणि बाहेरचा पेला कोमट पाण्यात उभा करा. आतली काच किंचित आकुंचन पावते, बाहेरची प्रसरण पावते, आणि दोन-तीन मिनिटांत हलक्या हाताने पेले सुटतात. पाणी कडकडीत गरम मात्र घेऊ नका, कारण साधी काच तापमानातला एकदम झालेला मोठा फरक सोसत नाही. त्यानंतर पेले सुटे आणि उभे ठेवा. उपडे ठेवल्यास सगळा भार काठावर येतो, आणि पेल्याचा सर्वांत नाजूक भाग तोच असतो.