मदत हवी आहे: सौदी, अमेरिका आणि तो व्हेटो (अर्जंट!)

अडकलेली_अनुवादक
एका लेखाचं भाषांतर उद्या दुपारी बारापर्यंत द्यायचंय आणि कालपासून एकाच परिच्छेदावर बसलेय. ओबामा रियाधला उतरतात, राजा घ्यायला येत नाही. पुढच्याच परिच्छेदात ओबामा सौदीच्या बाजूने व्हेटो वापरतात आणि काँग्रेस तो उडवून लावते. म्हणजे भांडण होतं की दोस्ती? दोन ओळींत सांगा प्लीज. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

मिरजेचा_तंबोरा
कुठला व्हेटो? संयुक्त राष्ट्रांतला? साल?

गोटू७७
काँग्रेसने उडवला? राहुलजींनी? 😄

अडकलेली_अनुवादक
गोटू, आत्ता नको. तंबोरा, साल लेखात दिलेलं नाही. ओबामा म्हटल्यावर कळतंच ना!

मिरजेचा_तंबोरा
अहो ताई, ओबामा आठ वर्षं होते आणि त्या काळात चारदा सौदीला गेले. २०१५ च्या जानेवारीत तर राजे सलमान स्वतः विमानतळावर आले होते. तुमचा प्रसंग एप्रिल २०१६ चा असणार. त्या वेळी रियाधचे गव्हर्नर घ्यायला आले. त्याच दिवशी आखातातल्या इतर पाहुण्यांना राजे जातीने सामोरे गेले, तेही टीव्हीवर दाखवलं. म्हणून ते डोळ्यांवर आलं.

दम्मामकर
सौदीत मी एकोणीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. पुस्तकं वाचून हे कळायचं नाही. २५ जून १९९६, रात्रीचे दहा वाजत आले होते. आम्ही चौघे रत्नागिरीकडचे, खोलीत भात-आमटी घेऊन बसलो होतो. आधी जमीन हलली, मग आवाज. काच फुटली नाही, पण खिडकीतला एसी चौकटीतून वीतभर आत आला. खोबरला अमेरिकन सैनिकांच्या इमारतीसमोर टँकर उडवला होता. त्यांचे १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी टेलिफोन बूथवर ही रांग! गावातल्या वाण्याच्या दुकानात फोन लावून निरोप ठेवला, 'सगळे सुखरूप'. तर सांगायचं काय, संबंध तेव्हाच बिघडले होते.

चौकटीबाहेर
काका, तुमचा अनुभव मान्य, पण खोबरचा आणि ताईंच्या प्रश्नाचा संबंध काय? शिवाय अमेरिकेने २००१ मध्ये आरोपपत्र ठेवलं ते सौदी हिजबुल्लाच्या लोकांवर आणि बोट दाखवलं इराणकडे.

दम्मामकर
संबंध आहे. आदल्या वर्षी, नोव्हेंबर ९५ मध्ये, रियाधला बॉम्ब झाला. पाच अमेरिकन आणि आपले दोन भारतीय मेले. चौघे पकडले. एफबीआयला त्यांची चौकशी करायची होती, सौदीने करू दिली नाही आणि मे ९६ च्या अखेरीस चौघांची मुंडकी उडवली. खोबर झालं ते त्यानंतर महिन्याभरात. माणूस पकडायचा, पण मित्राला भेटू द्यायचा नाही. दुखणं हे आहे, बाकी विमानतळ वगैरे नाटक.

चौकटीबाहेर
हे मात्र पटलं.

तेलतूपमीठ
तुम्ही सगळे उगाच डोकं शिणवताय. सगळं तेल आहे. १९४५ मध्ये रूझवेल्ट आणि इब्न सौद सुएझ कालव्यातल्या जहाजावर भेटले तेव्हाच सौदा ठरला, तुम्ही तेल द्या, आम्ही रखवाली करतो. दहशतवाद नुसता तोंडी लावायला.

मिरजेचा_तंबोरा
तेल आहेच, पण सगळं तेलावर ढकललं की विचार करायची गरज उरत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी नागरिक होते. तेलासाठी कोण तो आकडा विसरेल?

गोटू७७
मग पेट्रोल कधी स्वस्त होणार?

काळा_कोट
मूळ प्रश्नाकडे येतो. हा व्हेटो, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार, एका विधेयकावरचा होता. अमेरिकेत १९७६ पासून कायदा आहे की परक्या सरकारवर, ठरावीक अपवाद सोडले तर, खटला भरता येत नाही. ११ सप्टेंबरला माणसं गमावलेल्या कुटुंबांना सौदी सरकारला कोर्टात खेचायचं होतं. त्यांच्यासाठी त्या कवचाला भोक पाडणारं विधेयक आलं. ओबामांनी २३ सप्टेंबर २०१६ ला व्हेटो वापरून ते परत पाठवलं आणि पाचच दिवसांत काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो व्हेटो फिरवला, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध १, प्रतिनिधिगृहात ३४८ विरुद्ध ७७. ओबामांच्या आठ वर्षांत असं एकदाच घडलं. ताई, 'सॉव्हरिन इम्युनिटी'ला तुम्ही काय शब्द घेतलाय?

अडकलेली_अनुवादक
थँक यू!! 'सार्वभौम प्रतिकारशक्ती' घेतलाय.

काळा_कोट
अरे देवा. ती लसीची झाली. कायद्याच्या मराठीत 'उन्मुक्ती'.

चौकटीबाहेर
'उन्मुक्ती' वाचून वाचक पळतील. 'खटल्यापासून संरक्षण' लिहा.

काळा_कोट
वाचक पळतात म्हणून शब्द सोडत गेलो तर भाषेत 'प्लीज' आणि 'अर्जंट' एवढंच राहील.

तेलतूपमीठ
पण सौदीने धमकी दिलीच होती ना, विधेयक आलं तर अमेरिकेतली ७५० अब्ज डॉलरची मालमत्ता विकून टाकू? ओबामा घाबरले. विषय संपला.

मिरजेचा_तंबोरा
अमेरिकी वृत्तपत्रांनी आकडा तोच दिला होता. पण पुढच्याच महिन्यात, मे २०१६ मध्ये, अमेरिकेच्या कोषागाराने पहिल्यांदा सौदीकडच्या अमेरिकी सरकारी रोख्यांचा आकडा उघड केला, तो सुमारे ११७ अब्ज निघाला. बाकीचं दुसऱ्या रूपात असेलही, पण बाजारात ओतल्यावर भाव पडून नुकसान कुणाचं? विकणाऱ्याचंच. आणि 'त्या' २८ पानांचं काय? ११ सप्टेंबरवरच्या २००२ च्या संसदीय चौकशी अहवालातली, सौदी धाग्यांविषयीची ती पानं इतकी वर्षं कुलपात होती, ती ओबामांच्याच काळात, जुलै २०१६ मध्ये खुली झाली. घाबरलेला माणूस असं होऊ देतो?

तेलतूपमीठ
पानांवर काळी शाई फासून!

मिरजेचा_तंबोरा
काही जागी फासलीय, खरंय. आणि जे दिसतं त्यातले पुष्कळ धागेदोरे तेव्हा तपासले गेले नव्हते. ११ सप्टेंबरची चौकशी करणाऱ्या २००४ च्या आयोगाला सौदी सरकारने संस्था म्हणून अल कायदाला पैसा पुरवल्याचा पुरावा सापडला नाही. दोन्ही वाचायची तयारी हवी.

लंडनची_माई
आमच्याकडेही हेच झालं. सौदीबरोबरच्या विमानसौद्यातल्या लाचखोरीची चौकशी सरकारने डिसेंबर २००६ मध्ये बंद केली. सौदी दहशतवाद्यांची खबर देणं थांबवेल, ही भीती होती. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेलं, तिथेही सरकार जिंकलं. तेव्हा संतापले होते. मग २०१० मध्ये प्रिंटरच्या शाईच्या नळकांड्यांत लपवलेले बॉम्ब मालवाहू विमानांत सापडले, त्यातलं एक इथल्या विमानतळावर, आणि खबर सौदीनेच दिली होती. आता बोला.

अडकलेली_अनुवादक
माई, छान आहे, पण माझं अजून अडलंय. राजा अपमान करतो, तरी ओबामा त्याच्यासाठी व्हेटो का वापरतात?

काळा_कोट
'त्याच्यासाठी' असं मूळ लेखात आहे का? शब्दशः काय आहे?

अडकलेली_अनुवादक
...नाही. 'व्हेटो वापरला' एवढंच आहे. 'मित्राला वाचवण्यासाठी' हे मी घातलं. वाक्य अर्धवट वाटत होतं.

काळा_कोट
तिथेच गाडी अडकली. ओबामांचा मुद्दा होता, आज आपण परक्या सरकारांना आपल्या कोर्टात खेचलं, तर उद्या इतर देश आपले सैनिक आणि अधिकारी त्यांच्या कोर्टात खेचतील. सौदीला त्याचा फायदा होणार होता, पण कारण ते नव्हतं. अमेरिकेचे सैनिक जगभर पसरलेत, त्यामुळे सगळ्यांत जास्त खटले कुणावर येतील, बघा. रागावलेला सौदी आणि व्हेटो वापरणारे ओबामा दोघेही एकाच वेळी आपापलं बघत होते.

अडकलेली_अनुवादक
काढलं. परिच्छेद लागला! काळा कोट, तंबोरा, तुमच्या नावाने आज मटार-पोहे. 'उन्मुक्ती' घेत नाहीये, सॉरी. 'खटल्यापासून कवच' लिहिलं.

काळा_कोट
कवच चालेल. नाइलाजाने.

दम्मामकर
त्या एसीचं पुढे काय झालं ते राहिलंच. मालक म्हणाला, तुम्हीच काढला असणार, भरपाई द्या...