आल्टो २००९ : सिग्नलला टेंपरेचर चढतंय, गॅरेजवाला म्हणतोय हेड उघडावं लागेल

सिंहगडरोडवाला

नमस्कार मंडळी. गाडी आल्टो एलएक्सआय, २००९ ची, पेट्रोल, बाबांनी नवीन घेतलेली, लाखाच्या वर किलोमीटर झालेत. २०२४ ला रिपासिंग (पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण) करून घेतलं (ती फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५००० केलीये, पर्यावरण कर वेगळा) म्हणजे पुढची चार वर्षं तरी गाडी विकायचा विचार नाही, आणि विकून येणार किती ते तुम्हाला माहितीच आहे.

प्रॉब्लेम असा की ट्रॅफिकमध्ये थांबलं की थोड्या वेळात टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागतो, एसी चालू असेल तर अजून लवकर. गाडी पळायला लागली की परत खाली येतो. बायपासला ८० ने कितीही चालवा, काटा हलत नाही. घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली तर त्याने बॉनेट उघडलं, नुसतं बघितलं आणि म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील) गेलंय साहेब, हेड उतरवून फेसिंगला (सपाट घासून घ्यायला) पाठवू, सगळं मिळून अठरा हजार धरा. अहो एवढ्यात तर इन्शुरन्सचे चार-पाच हप्ते निघतील माझे.

गणपतीला चिपळूणला जायचंय, कुंभार्ली घाटातून, सोबत आई-बाबा आणि डिकीत सामान. ऑइल, फिल्टर, प्लग, पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलतो, पान्यांचा सेट, जॅक, मल्टिमीटर आहे. हेड उघडायच्या आधी घरी काय काय बघता येईल? की खरंच गॅस्केट असेल?

दहाचा_पाना

तुम्हीच उत्तर लिहून टाकलंय की. थांबल्यावर चढतो, पळायला लागल्यावर उतरतो. म्हणजे रेडिएटरमधून वारा गेला की इंजिन थंड होतंय, आणि उभ्या गाडीला तो वारा कोण देतं, तर पंखा. पंखा चालत नसेल नाहीतर उशिरा लागत असेल. गॅस्केट गेलं असतं किंवा रेडिएटर आतून चोंदला असता तर हायवेला आणि चढावर जास्त त्रास झाला असता, कारण खरा लोड तिथे येतो.

तरी गॅस्केटची शंका मनातून काढून टाका आधी, त्याला पैसे लागत नाहीत. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना डिपस्टिक काढा आणि ऑइल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा, दूध घातलेल्या कॉफीसारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा आणि आत बघत रहा, सुरुवातीला एखाददुसरा बुडबुडा येतो ते सोडून द्या, पण सतत बुडबुडे फुटत असतील, रेस दिल्यावर पाणी उसळून बाहेर येत असेल तर मग गॅस्केट. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहतो का, कूलंट कुठेही न गळता कमी होतंय का, हे पण बघा. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका कोणाला.

आता पंखा. एसी बंद, गाडी उभी, आयडलवर ठेवा आणि काटा चढू द्या. नेहमीच्या जागेच्या जरासा वर गेला की पंखा घुर्रकन लागला पाहिजे. नाही लागला तर इंजिन लगेच बंद. मग फ्यूज बघा, रिले, म्हणजे पंख्याला करंट देणारा स्विच, बघा (त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो बहुतेक, अदलाबदल करून बघायची, दोन मिनिटांचं काम), आणि शेवटी पंख्याचं कनेक्टर काढून मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट दोन वायरी द्या, मध्ये एक फ्यूज ठेवा म्हणजे झालं. डायरेक्टवर फिरला तर मोटर चांगली, गडबड वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली.

आणि हो, बोटं सांभाळा, चावी ऑन असताना तो पंखा कधीही लागतो. आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. झाकणावर ०.९ असं काहीतरी छापलेलं असेल, तेवढ्या प्रेशरखाली आतलं पाणी १०० ला उकळत नाही, ११८ च्या आसपास उकळतं, झाकण सैल केलं की तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. माझ्या ओळखीत एकाचा हात भाजलाय असा.

निवृत्त_फिटर

एवढा व्याप कशाला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकून द्या. आपल्या हवेत त्याची गरजच नाही, तो थंड देशातल्या लोकांसाठी असतो. आमच्या प्रीमियर पद्मिनीचा काढून टाकला होता, गाडी वीस वर्षं चालली.

कोल्हापुरी_पिस्टन

काका, पद्मिनीला कार्बोरेटर होता, तिला काय कळायचं नाही. ही एमपीएफआय गाडी हाय, म्हणजे किती पेट्रोल मारायचं ते कॉम्प्युटर ठरवतोय. थर्मोस्टॅट काढला की हायवेला इंजिन गरमच होत नाही, सेन्सर ईसीएमला (त्या कॉम्प्युटरला) सांगतोय इंजिन अजून गार हाय, आणि तो बिचारा जास्तीचं पेट्रोल मारत बसतो. अॅव्हरेज पडतंय, प्लग काळे होतात, आणि गार इंजिन जास्त झिजतंय ते वेगळंच. आमच्याकडं निम्म्या गॅरेजवाल्यांनी गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे थर्मोस्टॅट न विचारता काढून टाकलेत, मग लोक विचारतात अॅव्हरेज का पडलं.

आणि भावा, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर हायवेलाच पहिला काटा चढला असता. तरी तुला खात्री करायचीच असेल तर काढून घरी गॅसवर टेस्ट कर, लई सोपं हाय. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतोय, ८२ किंवा ८८. स्क्रू ड्रायव्हरनं व्हॉल्व्ह जरा दाबून फटीत एक दोरा अडकवायचा आणि त्याच दोऱ्यानं तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवायचा, बुडाला टेकला नाही पाहिजे. थर्मामीटर असेल तर पाण्यात धर. आकड्याच्या आसपास पाणी तापलं की व्हॉल्व्ह उघडतो, दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. पाणी खळखळ उकळलं तरी लोंबकळतच राहिला तर गेला म्हणून समज. पातेलं जुनं घे, घरात विचारून. परत बसवताना गॅस्केट नवीन टाक, जुना खरवडून काढ नाहीतर गळतंय.

ई२०_त्रस्त

ह्या सगळ्याचं मूळ ते इथेनॉल आहे. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून माझी वॅगनार पण गरम होते. कोणी बोलत नाही यावर.

दहाचा_पाना

@ई२०_त्रस्त इथेनॉलवर माझाही राग आहे, पण ह्या केसमध्ये त्याला आरोपी करू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं पडतं, ते खरं. २००९ ची गाडी काही ई२० डोळ्यासमोर ठेवून बनवलेली नाही, म्हणून टाकीपासून इंजिनपर्यंतचे पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा वाकवून बघायचे, भेगा दिसल्या, फुगल्यासारखे किंवा चिकट लागले तर बदलायचे, पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी. पण सिग्नलला काटा चढतो आणि पुढे गेल्यावर उतरतो, हे पेट्रोलमुळे होत नाही. तुमच्या वॅगनारचा पण पंखा बघून घ्या एकदा.

चिपळूणची_मी

घाटाचं सांगते, आम्ही दर महिन्याला कुंभार्लीतून ये-जा करतो, आमची पण जुनीच गाडी आहे. पंखा दुरुस्त झाल्याशिवाय निघू नका, गणपतीत घाटात एखादा ट्रक बंद पडला की तास-तास उभं राहायला लागतं आणि तिथे ना गॅरेज ना रेंज. चढताना एसी बंद, दुसऱ्या गिअरमध्ये रेस धरून चढायचं, तिसऱ्यात इंजिन रडवत न्यायचं नाही, कमी आरपीएमला वॉटर पंप पण हळू फिरतो. आणि काटा चढायला लागलाच तर काचा खाली करून हीटर फुल्ल गरमवर आणि ब्लोअर मोठा करायचा. आतले लोक शिव्या देतात पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तेवढी गाडीत निघते. तरी लाल पट्ट्याला टेकला तर बाजूला घेऊन बंदच करायची, सासूबाई काहीही म्हणोत.

निघायच्या आधी फॅन बेल्ट पण अंगठ्याने दाबून बघा, ढिला असला तर वॉटर पंप नीट फिरत नाही.

सिंहगडरोडवाला

अपडेट देतो. डिपस्टिक स्वच्छ, बुडबुडे नाहीत, पांढरा धूर नाही. गाडी आयडलवर ठेवली, काटा चढला, पंखा ढिम्म. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर इंजिन गरम असताना तिथे पूर्ण करंट येतोय, म्हणजे फ्यूज, रिले, सेन्सर सगळे आपापलं काम करतायत. मग बॅटरीवरून डायरेक्ट दिला तरी फिरेना. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर दोन टपल्या मारल्या तर फिरला, बंद करून परत दिला तर परत ढिम्म.

पंखा फ्रेमसकट बाहेर काढला, दहाच्या पान्याने चार बोल्ट, पण खालचा एक गंजलेला होता त्यानेच जीव काढला. मोटर उघडली तर आत सगळा काळा भुगा, दोन्ही कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजून नखाएवढे राहिलेले, एक तर स्प्रिंगमध्ये तिरका अडकलेला. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले पंधरा वर्षं पंख्याला कोणी हातच लावला नाही, अजून काय अपेक्षा होती तुझी.

नाना पेठेत मोटर मिळाली, दीड हजाराच्या आत. बसवून काल संध्याकाळी मुद्दाम सात वाजता राजाराम पुलाकडे गेलो, एसी लावून, ट्रॅफिक नेहमीसारखाच होता. काटा अर्ध्याच्या जरा खाली, पंखा लागतोय आणि बंद होतोय. अठरा हजार वाचले.

पण एक झालं. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत हिरवं कूलंट नाहीच, विटकरी रंगाचं गढूळ पाणी. सर्व्हिसिंगला कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणीच टॉप अप करत आलंय. हे घरी फ्लश कसं करायचं? आणि रेडिएटरचा खालचा मोठा होज (रबरी पाइप) दाबला तर मऊ लागतोय.

कोल्हापुरी_पिस्टन

नाद केलास भावा. होज दोन्ही बदल, वरचा पण आणि खालचा पण, क्लिपा पण नवीन, घाटात होज फुटण्यापेक्षा परवडतंय.

फ्लश असा. गाडी गार, रेडिएटरच्या तळाला ड्रेन प्लग असतोय तो सोड (प्लास्टिकचा असला तर जपून, जुना झाला की कच्चकन तुटतोय), खाली घमेलं ठेव. सगळं निघालं की प्लग लाव, साधं पाणी भर, हीटर गरमवर ठेवून गाडी पंखा लागेपर्यंत चालव, गार होऊ दे, परत सोड. पाणी नितळ येईपर्यंत असंच. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं कर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच पाणी, पाच लिटरचा कॅन स्वस्तात मिळतोय. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतोय, मग खरंच हायवेला गरम व्हायला लागंल.

मग कूलंट. डब्यावर नीट वाच, काही तयार मिक्स असतात त्यात पाणी घालायचं नाही, काही कॉन्सन्ट्रेट असतात त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून अर्धं-अर्धं करायचं. लोक म्हणतात आपल्याकडं बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला. अरे त्यात गंज धरू नये म्हणून केमिकल असतंय, तुझं विटकरी पाणी त्याच्याच अभावानं झालंय.

भरताना हवा काढायला विसरू नकोस. गाडीचं तोंड चढाकडं करून लाव, झाकण उघडं, हीटर गरमवर, आयडलवर ठेव आणि वरचा होज हातानं मधनं मधनं दाब, बुडबुडे येतील तसं कूलंट ओत. हीटरमधनं नीट गरम वारा यायला लागला की आतली हवा निघाली. दुसऱ्या दिवशी गार असताना लेव्हल परत बघ, थोडी उतरलेली असतीयच.

अजून एक. होज काढलेलेच असतील तर रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) मधली जागा टॉर्च लावून बघ. पंधरा वर्षांची धूळ, पिसं, पाला असतोय तिथं. इंजिनच्या बाजूनं पुढं असं साध्या पाइपनं हळू पाणी मार. वॉशिंग सेंटरचं प्रेशर मारलंस तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतील.

चिपळूणची_मी

काढलेलं कूलंट पार्किंगमध्ये किंवा गटारात ओतू नका प्लीज. नळाचंच पाणी वाटलं तरी त्यात जुनं कूलंट थोडंफार असतंच, ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी जाऊन मरतात. कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवा, जिथे जुनं इंजिन ऑइल देता त्यांना विचारा, बरेच जण घेतात. नवीन कूलंटचा डबा पण मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

निवृत्त_फिटर

थर्मोस्टॅटचं कोल्हापूरकरांनी सांगितलं ते पटलं नाही, पण असो, तुमच्या नव्या गाड्या तुम्हाला ठाऊक. जुनी मोटर भंगारात देऊ नकोस रे. वाइंडिंगवाल्याकडे ने, ब्रश नवीन घालून देईल शे-दोनशेत, कम्यूटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) बारीक पॉलिश पेपरने साफ करून घे आणि बेअरिंगला ग्रीस. डिकीत स्टेपनीशेजारी ठेव. आणि सोबत तो दहाचा पाना ठेवायला विसरू नकोस.